एकाहत्तर सेकंद

ताईचा फोन आला तेव्हा तो दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्याने तो उचलला, कारण ताईचा फोन वाजत ठेवायची त्याची टाप नव्हती. गेल्या दोन वर्षांत तिचे फोन आले होते मोजून दोन: एक आईच्या कागदांवर त्याची सही हवी म्हणून, आणि एक चुकून लागला म्हणून. हा तिसरा. ती म्हणाली, "झोपला नव्हतास ना?" आणि तो उगाचच म्हणाला, "छे, केव्हाचा उठलोय," जसं काही उशिरा उठण्यावरूनच त्यांचं बिनसलं होतं. मग ती म्हणाली की रविवारी तळ्यावर नव्या होड्या पाण्यात सोडायच्या आहेत, सहा आहेत, कर्ज काढून घेतल्यात, रंग अजून ओला आहे, दाजी म्हणत होते तुला बोलवावं. "दाजी म्हणत होते?" त्याने विचारलं. "मी म्हणत होते," ती म्हणाली. "ये हवं तर." एवढं ऐकून त्याला आरशात स्वतःचा चेहरा बघवेना. साबण सुकून गाल ओढत होता आणि त्याला हसूही येत होतं. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणि ऐक, आपल्या परसातल्या विहिरीला पाणी चढलंय. दोन पायऱ्या बुडाल्या. भर उन्हाळ्यात रे! सगळी आळी बघून गेली." तो म्हणाला, "अरे वा." फोन बंद झाला. त्याने उरलेला गाल भादरला, तोंड धुतलं, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि मग तो मोरीच्या उंबऱ्यावर जो बसला तो बसूनच राहिला.

आता ताईचं घर बांधाच्या पायथ्याला. बांध म्हणजे काही मोठं धरण नव्हे. शहराच्या कडेला, लोकांनी संध्याकाळी फिरावं, पोराबाळांना होडीत बसवावं म्हणून कोणे एके काळी घातलेला मातीचा बांध. वर फरसबंद वाट, बाकं, हिरवळ, आणि आत निळंशार दिसणारं तळं. खाली सात घरं. त्यातलं चौथं ताईचं. दाजी तळ्यावर होड्या भाड्याने देतात, आणि हा त्याच बांधाची गळती मोजतो, म्हणजे एकाच पाण्यावर दोन घरं चालतात असं आई म्हणायची. मातीचा बांध म्हटला की तो पाझरणारच. पाझरलेलं पाणी पायथ्याच्या एका नळीत गोळा होऊन बाहेर पडतं, आणि हा दर शुक्रवारी त्या नळीखाली बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून वहीत लिहितो. तेवीस वर्षं. तीच बादली, फार तर कडी दोनदा बदलली. त्यामुळे कचेरीत त्याला सगळे बादलीसाहेब म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. चाळीस सेकंद हा बांधाचा नेहमीचा आकडा. चाळीस, एकेचाळीस, एकोणचाळीस. आणि गेल्या चार शुक्रवारी चव्वेचाळीस, एकोणपन्नास, पंचावन्न, बासष्ट. म्हणजे बादली भरायला वेळ लागतोय, म्हणजे गळती कमी होतेय. साहेब म्हणाले होते, "बादलीसाहेब, तुमचा बांध म्हातारपणी तरुण व्हायला लागला की हो," आणि सगळी कचेरी हसली, तोही हसला, आणि त्याने स्वतःच्या हाताने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: समाधानकारक. बासष्टसमोर तर 'अत्यंत' हा शब्दही घातला. कुणी सांगितलं नव्हतं.

तळं मात्र काठोकाठ होतं. हंगामासाठी कालव्याचं पाणी घेऊन भरलेलं, महिनाभर एक बोटही हललेलं नव्हतं. वर पाणी तेवढंच आणि खाली नळीत कमी, मग मधलं पाणी गेलं कुठे? हा प्रश्न शाळेतल्या पोरालाही पडला असता. त्याला पडला नाही. पडला नाही, की त्याने पडू दिला नाही, हे त्याला आता उंबऱ्यावर बसून ठरवता येईना. नोकरीला लागला तेव्हाचे म्हातारे मुकादम त्याला पायथ्याशी उकिडवं बसवून सांगायचे, "पोरा, पाझर वाढला तर घाबर. कमी झाला तर जास्त घाबर. घरातला बडबड्या माणूस गप्प बसला की बघतोस ना कुठे काय शिजतंय ते? तसंच." हे वाक्य त्याने नंतर किती तरी नव्या लोकांना ऐकवलं, मुकादमांच्या आवाजाची नक्कल करून. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा बासष्टसमोर 'अत्यंत' लिहून मोकळा झाला. शहाण्याला शब्दाचा मार असं म्हणतात. त्याला तर शब्द तोंडपाठ होते.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वीचं. तेव्हा बादली एका आठवड्यात चाळीसवरून बावीसवर आली होती. त्याने तडक साहेबांना गाठलं, साहेबांनी वर कळवलं, आदेश निघाला, घरं रिकामी केली, बांधाचं पाणी सोडायचं दार उघडून दोन दिवसांत तळं रिकामं केलं. मासे मेले, चिखलाचा वास गावभर, दाजींच्या जुन्या लाकडी होड्या गाळात बसून उन्हाने तडकल्या. आणि निघालं काय, तर वरच्या हिरवळीला पाणी देणारा नळ जमिनीखाली फुटला होता आणि त्याचं पाणी पाझराच्या नळीत येत होतं. डोंगर पोखरून उंदीर. पेपरात फोटो आला, कोरड्या तळ्याच्या मधोमध बादली घेऊन उभा असलेला तो. महिनाभर चहाच्या टपरीवर लोक त्याला विचारायचे, "साहेब, आमच्या घरी नळ गळतोय, खाली करू का घर?" त्याने कानाला खडा लावला. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, पण त्याचं उलटंच झालं. आकडा जरा चढला, जरा बरा दिसला की तो घटाघटा प्यायला लागला. आणि दाजींचा तो हंगाम बुडाला, पुढचा अर्धा बुडाला, ताई बोलेनाशी झाली. त्याला वाटे, होड्यांपायी. वाटे, की एकदा दाजींचं बस्तान बसलं की ती बोलेल. आता ती बोलली होती. सहा नव्या होड्या, ओला रंग, ये हवं तर.

तो कचेरीत गेलाच नाही. बादली सायकलला अडकवून सरळ बांधावर गेला. रस्त्यात त्याने मनाशी चारदा तरी ठरवलं की विहीर चढायला शंभर कारणं असतात. कुणी तरी शेजारी बागेला पाणी सोडलं असेल. जमिनीखालचा नळ पुन्हा फुटला असेल, आणि या विचाराने त्याला अगदी हायसं वाटलं, आणि लगेच आठवलं की तो नळ त्या वेळी कायमचा काढून टाकला, त्याच्याच सांगण्यावरून. ऊन चांगलंच तापलं होतं. पायथ्याच्या चौकोनी खड्ड्यात उतरून त्याने नळीखाली बादली लावली आणि घड्याळाची कळ दाबली. धार बारीक होती, करंगळीएवढी. वीस सेकंदांना त्याला वाटलं, भरेल. चाळीसला पाणी जेमतेम अर्ध्यावर. पन्नासला तो मोठ्याने म्हणाला, "चल ना," जसं लहानपणी ताई त्याला शाळेला उशीर झाला की म्हणायची, हात ओढत, आणि तो मुद्दाम पाय घासायचा. बादली काठाला आली तेव्हा घड्याळात एकाहत्तर होते. पाणी स्वच्छ होतं. आरशासारखं. त्याने दोनदा पुन्हा मोजलं. एकाहत्तर, सत्तर. वही काढली, तारीख लिहिली, आकडा लिहिला, आणि शेऱ्याच्या रकान्यावर पेन धरून तो तसाच उकिडवा बसला. मान भाजत होती. सोमवारी लिहावं, त्याच्या मनात आलं. आज शुक्रवार, शनिवार-रविवार कचेरी बंद, साहेब पाहुण्यांकडे. रविवारी होड्या सुटतील, लोक येतील, ताई पदर खोचून सगळ्यांना चहा देईल, दाजी त्याच्या खांद्यावर थाप मारतील. सोमवारी अहवाल. तीन दिवसांनी काय होतंय? तेवीस वर्षं आपण बघतोय, बांध उभाच आहे.

पण पाय काही कचेरीकडे वळेनात. पायथ्याच्या कडेकडेने तो डाव्या अंगाला चालत निघाला, घरांच्या दिशेने. नळीपाशी गवत वाळून कडकडीत झालं होतं. शंभर पावलांवर ते पिवळट हिरवं झालं, दीडशेवर पोपटी, आणि पुढे एका ठिकाणी चपलेखाली माती मऊ लागली. फार नाही. लोण्यात अंगठा रुतावा इतपत. इतर कुणी म्हणालं असतं, काय छान गारवा आहे. त्याने वाकून तिथली माती बोटाने दाबून बघितली. तिथून ताईचं परस दिसत होतं, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, आणि अंगणात उपड्या टाकलेल्या होड्या. दाजी एका होडीच्या बुडाला रंगाचा शेवटचा हात देत होते. त्याला पाहून ते उठले नाहीत, पण कुंचला मात्र त्यांनी डब्यावर आडवा ठेवला.

"काय मेहुणे, बादलीसकट आलात? आज शुक्रवार. विसरलोच होतो."

"शुक्रवारच," तो म्हणाला.

"किती आला आकडा?"

दाजींनी हे थट्टेने विचारलं. त्यांना आकड्याशी देणंघेणं नव्हतं. त्याने थोडा वेळ होडीकडे पाहिलं. निळा रंग, बाजूला पांढरी रेघ, रेघ थोडी वाकडी. "रेघ कुणी मारली?" त्याने विचारलं.

"तुमच्या ताईने. सरळ आहे म्हणते. मी म्हटलं, होडी पाण्यात हलतेच, रेघही हलतेय असं लोकांना वाटेल." दाजी हसले. दोन वर्षांत ते त्याच्यासमोर पहिल्यांदा हसले होते, आणि त्यांचा वरचा एक दात पडला होता हे त्याला आत्ता कळलं. "जा, आत आहे ती. चहा घ्या. आणि विहीर बघा आमची. लोक देवाला नवस करतात, आम्हाला नुसतं बसल्या बसल्या पाणी."

ताई स्वयंपाकघरात ओट्याशी होती. "आलास? रविवार म्हटलं होतं," ती म्हणाली, पण तिने भांड्यात एक कप पाणी जास्त ओतलं. किती साधं होतं ते. तो पाटावर बसला, भिंतीला टेकला. या भिंतीला टेकून त्याने भाच्यांना मांडीवर घेतलं होतं, गणितं शिकवली होती, आईच्या शेवटच्या आजारात रात्री काढल्या होत्या. दोन वर्षं ही भिंत त्याला बंद होती. खिडकीतून विहिरीचा काठ दिसत होता. "हे पाणी विहिरीचं?" त्याने विचारलं.

"मग काय! नळाचं कशाला वापरू? पंप लावला की भसाभस येतं." ती साखर घालत होती. "दोन दिवसांपासून जरा गढूळ येतंय, पण ठेवलं की निवळतं. नवं पाणी आहे, म्हटलं, खळबळ असायचीच."

कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याची स्टीलची टाकी होती आणि तिच्याशेजारी निवळायला ठेवलेलं पातेलं. तो उठला. वरचं पाणी त्याने हळूच मोरीत ओतलं. ताई म्हणाली, "अरे, सांडतोस काय?" बुडाशी साय धरावी तसा थर होता. त्याने बोट फिरवलं, दोन बोटांत घेऊन चोळलं. परसातली माती काळी, रवाळ, ती बोटात करकरते. हे करकरत नव्हतं. हे पिठासारखं होतं, पिवळं, चिकट, बोटाला बोट धरून ठेवणारं. ही माती या गावची नव्हेच. बांध घालताना लांबून गाड्या भरभरून आणून ती बांधाच्या पोटात ठासली होती, पाणी अडावं म्हणून. दुरुस्तीच्या खड्ड्यांतून त्याने ती कितीदा हातात घेतली होती, वास घेतला होता. बांधाचं पोट ताईच्या पातेल्यात आलं होतं. पाणी बांधाच्या आतून वाट पाडून घराखाली येत होतं आणि येताना बांध थोडा थोडा घेऊन येत होतं.

त्याने बोट शर्टाला पुसलं. आणि मग जे त्याच्या मनात आलं त्याची त्याला पुढे बरेच दिवस लाज वाटणार होती. त्याच्या मनात आलं, नियम. लेखी आदेशाशिवाय रहिवाशांना काही कळवू नये, घबराट पसरते. मागच्या वेळी त्याने हा नियम अक्षरशः पाळला होता आणि त्याचा त्याला अभिमानही होता. आपल्या बहिणीला आधी सांगितलं असं उद्या कुणी म्हणायला नको. म्हणून तर ताईकडे न जाता तो रात्रभर कचेरीत आदेशाची वाट बघत बसला होता, आणि सकाळी कर्णा घेऊन गाडीतून आळीत शिरला होता. आताही तोच शब्द त्याच्या जिभेवर आला. तो म्हणाला, "ताई, मी जरा ऑफिसात जाऊन येतो."

ताईने गॅस बारीक केला. ती वळली नाही. "का?"

"काम आहे."

"बांधाचं?"

त्याने पातेलं पुन्हा जागेवर ठेवलं.

"मागच्या वेळी तुला चार वाजता कळलं होतं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, वाण्याकडची यादी वाचावी तसा. "पेपरात तूच सांगितलं होतंस. शुक्रवारी दुपारी चार वाजता लक्षात आलं. आणि आमच्याकडे आलास शनिवारी सकाळी नऊला. मधली रात्र आम्ही इथे झोपलो होतो. ही खिडकी उघडी टाकून. धाकट्याला ताप होता, त्याला मी खाली गार फरशीवर घेतलं होतं. तुला माहीत होतं की आम्ही इथे आहोत."

"नळ फुटला होता ताई. बांधाला काही झालं नव्हतं."

"ते तुला तेव्हा माहीत होतं?"

चहा उकळून वर आला आणि तिने तो खाली उतरवला. दोन वर्षं तो होड्यांचा हिशेब करत बसला होता. मनातल्या मनात दाजींना नुकसान भरून देत होता, एकदा तर बँकेतून पैसे काढून पाकीट करून ठेवलं होतं आणि देण्याचं धाडस झालं नव्हतं. घोडं कुठे पेंड खात होतं ते त्याला कधी दिसलंच नाही. होड्या नव्हत्याच. रात्र होती. त्या रात्री त्याने कचेरीत टेबलावर डोकं टेकून किती तरी वेळा घड्याळ पाहिलं होतं. प्रत्येक वेळी वाटलं होतं, सायकलने दहा मिनिटं. आणि प्रत्येक वेळी तो बसून राहिला होता. लोक काय म्हणतील म्हणून. सख्खी बहीण, तापाने फणफणलेलं पोर, आणि तो लोकांचा विचार करत होता. त्याने ओट्याचा काठ धरला.

"बांध आतून पोखरतोय," तो म्हणाला. "तुझ्या विहिरीत बांधाची माती येतेय. किती वेळ आहे मला माहीत नाही. महिना असेल, तास असेल. काहीच नसेल असंही असेल. मागच्यासारखंच माझं चुकत असेल. पण तुम्ही इथून निघा. आत्ता."

ती वळली. "तुला कधी कळलं?"

"आत्ता. हे पातेलं बघितलं तेव्हा. म्हणजे, सकाळी तू फोन केलास तेव्हा शंका आली. पायथ्याला गवत बघितलं तेव्हा जास्त आली. मग मनात आलं, सोमवारी सांगावं." तो ओट्याकडे बघत म्हणाला, "खोटं नाही सांगत ताई. आलं मनात."

"ऑफिसला सांगितलंस?"

"नाही. तुलाच आधी."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने गॅस बंद केला, खिळ्यावरची घराची किल्ली काढली, चपला घातल्या आणि म्हणाली, "शेजारच्या म्हातारीला उचलून न्यावं लागेल, तिला चालवत नाही. मी सातही घरांत सांगते. वरच्या शाळेत नेऊन बसवते सगळ्यांना. तू तुझं काम कर." आणि दारातून पुन्हा मागे येऊन तिने त्याच्या हाताला धरून त्याला ओट्यापासून हलवलं, लहानपणी हलवायची तसंच. तिचा हात ओला होता.

साहेबांना त्याने चालता चालता फोन लावला. साहेब म्हणाले, पुन्हा? म्हणाले, वहीत तर तुम्हीच अत्यंत समाधानकारक लिहिलंय. तो म्हणाला, "हो साहेब, ती माझी चूक." साहेब म्हणाले, सोमवारी लेखी द्या, आदेशाशिवाय दाराला हात लावू नका, मागच्या वेळची शोभा पुरे नाही का झाली, मी पाहुण्यांकडे निघालोय. तो म्हणाला, "साहेब, किल्ली माझ्याकडे आहे, मी दार उघडतोय. आदेश मागाहून द्या. नाहीतर नोटीस द्या." फोन त्यानेच आधी ठेवला. असं त्याने आयुष्यात केलं नव्हतं, आणि केल्यावर फार मोठं काही वाटलंही नाही.

दार बांधाच्या उजव्या टोकाला होतं. त्यातून सुटलेलं पाणी घरांपासून लांब, ओढ्याला जाऊन मिळायचं. वर लोखंडी चाक, त्याला आडवा दांडा. दोन वर्षांत कुणी फिरवलं नव्हतं. कुलूप निघालं, पण चाक काही हलेना. त्याने अंगाचा भार टाकला, पाय फरशीला रोवले, आणि ते बोटभर सरकलं. खाली कुठे तरी पाणी घरघरलं. बाकावर बसलेली दोन माणसं उठून बघू लागली; एकाने त्याला ओळखलं असावं, कारण तो दुसऱ्याच्या कानाला लागला. लागू दे. पुन्हा भार, पुन्हा बोटभर. समोर तळं शांत होतं, उन्हात चकाकत होतं, त्याच्यासारखं निष्पाप दुसरं काही नसावं. आणि त्याच्या मनात आलं, निघू दे काहीतरी. एक भोक निघू दे, मुठीएवढं, डोकं आत जाईल एवढं, म्हणजे पेपरवाल्यांना दाखवता येईल, साहेबांना दाखवता येईल. हे आलं आणि तो स्वतःलाच दचकला. ताईच्या घरावरचा बांध फुटका निघावा अशी इच्छा तो करत होता, आपलं खरं व्हावं म्हणून. असल्या माणसाच्या हाती सात घरं. तो चाकाला धरून उभा राहिला आणि त्याला वाटलं, काहीच निघू नये. हसू देत लोक. बादलीच्या जोडीला आणखी एक नाव पडू दे. पण हेही पूर्ण खरं वाटेना. दोन्ही इच्छा आळीपाळीने वर येत राहिल्या, आणि त्याने पुन्हा दांड्यावर छाती टेकली.

पायऱ्यांवर पावलं वाजली. दाजी वर आले होते. हातांना निळा रंग लागलेला, श्वास फुललेला. ते त्याच्याकडे न बघता तळ्याकडे बघत उभे राहिले. काठाशी दगडावर ओल्याची एक गडद रेघ उमटायला लागली होती, पाणी उतरत असल्याची.

"म्हातारीला पोचवलं शाळेत," ते म्हणाले. "तुमची ताई हजेरी घेतेय सगळ्यांची."

"बरं झालं."

"सहा होड्या आहेत मेहुणे. पाच वर्षांचे हप्ते."

"माहीत आहे."

दाजी हातावरचा रंग खरवडत राहिले. मग म्हणाले, "आणि याही वेळी काही निघालं नाही तर?"

त्याने दांड्यावरून मान वर केली. घाम डोळ्यांत उतरत होता. "तर मला शिव्या द्या," तो म्हणाला. "द्यायला तुम्ही असाल."

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. शिवी ओठांवर आली होती, ती त्याला स्पष्ट दिसली, आणि ती कडक होती. ती त्यांनी गिळली.

"सरका तिकडे," ते म्हणाले, आणि त्यांनी दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हात घातला.